विहाराचं पातेलं आणि चाकणची वही

२० जानेवारी, सोमवार

ही डायरी भाग्यश्रीच्या ऑफिसातून फुकट आली. वर सोनेरी अक्षरात कंपनीचं नाव, आत पानं कोरी. वीस दिवस टीव्हीवर पडून होती. "आजी, लिही काहीतरी, नाहीतर अक्षरं विसरशील," म्हणाली. मी शिकले ती चाळिशी उलटल्यावर, विहारातल्या साक्षरतेच्या वर्गात. तिथल्या बाई सांगायच्या, बोलताना कसंही बोला, लिहिताना नीट लिहा. म्हणून मी बोलते एक आणि लिहिते एक. कोणी तपासायला येणार नाही.

भाग्यश्री माझ्या मुलाची मुलगी. मुलगा-सून नगरला. ही शिकायला म्हणून काळेवाडीत माझ्याकडे आली ती राहिलीच. आता चिखलीतल्या एका लहान कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. सहा महिन्यांची कच्ची नोकरी. दहा फेब्रुवारीला सहा महिने भरतात. त्या दिवशी कायम केल्याचं पत्र, नाहीतर नारळ.

आज आली ती चप्पल न काढताच खाटेवर बसली. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "माझी वही अडकते."

वही म्हणजे कागदाची नाही. चाकणला एका कारखान्यात मशीनवरची माणसं किती नग झाले, माप काय आलं, काय बिघडलं ते कॉम्प्युटरवर लिहून ठेवतात. ते लिहायचा प्रोग्राम हिने केला. त्याला एडिटर म्हणतात. मी वहीच म्हणणार. नोंद झाल्याशिवाय पुढची पेटी हलवायची नाही असा तिथला नियम. आणि ही वही मधूनच गोठते. बटणं दाबा नाहीतर आपटा, ढिम्म. दहा-दहा मिनिटं. मग कोणीतरी वही बंद करून चालू करतं आणि लिहिलेलं सगळं जातं. आज तीनदा झालं. मृदुला मॅडम म्हणजे हिची साहेब. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "भाग्यश्री, हे तुझंच काम ना?"

म्हटलं, "मग सांगायचं, व्हय, माझंच हाय."

"सांगितलं."

"मग झालं की. भाकरी खा."

नाही खाल्ली. दोन भाकरी उरल्या. सकाळी कुस्करून फोडणी देईन.

आणखी एक राहिलं. काल रविवारी तिने विचारलं, कायम झाले की ऑफिसजवळ चिखलीला भाड्याने फ्लॅट घ्यायचा, तू येशील ना माझ्याबरोबर? घरमालकाला कंपनीचं पत्र लागतं, पण जागा आत्ताच बघून ठेवायला हवी म्हणे. मी तांदूळ निवडत होते. हल्ली खडे फार निघतात.

२२ जानेवारी, बुधवार

दोन दिवस ऑफिसात बसून तीच वही चालवली. एकदाही अडकली नाही. मॅडम म्हणाली, दिसत नाही म्हणजे तू नीट बघत नाहीस. चाकणला फोन केला तर तिकडे सकाळपासून दोनदा अडकलेली.

"आजी, तीच वही, तसलाच कॉम्प्युटर. तिथे अडकते, इथे नाही."

मी भोसरीच्या वर्कशॉपात बावीस वर्षं कानस मारली. नगाची धार काढायची, दिवसाला पाच-पाचशे नग. तिथे एक ड्रिल मशीन होतं. साहेब आला की सरळ भोक पाडायचं, साहेब गेला की थरथरायचं. साहेब म्हणायचा, बाया खोटं बोलतात. खरी गोष्ट अशी की आम्ही भरलेल्या पेट्या त्या मशीनला टेकवून ठेवायचो, आणि साहेब येताना दिसला की बाजूला ओढायचो. सहा महिने कोणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्यासुद्धा.

हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, हे सॉफ्टवेअर आहे."

म्हटलं, "असंल बाई."

विहारात २६ तारखेची तयारी सुरू आहे. झेंडा, संविधानाचं वाचन आणि दोनशे माणसांची खिचडी. मोठं पातेलं शालनबाईकडे आहे. मागे एकदा विहाराची खोली फोडून भांडी चोरली, तेव्हापासून आमच्याकडे रीत अशी की ज्याने शेवटी वापरलं त्याने घासून आपल्याच घरी ठेवायचं. पुढच्याला लागलं की त्याच्या दारात जाऊन मागायचं. विहाराच्या फळ्यावर फक्त नाव लिहिलेलं असतं. शनिवारी जाऊन आणायचं ठरलं.

२५ जानेवारी, शनिवार

शालनबाईच्या दाराला कुलूप. चऱ्होलीला लेकीकडे गेली म्हणे. फोन बंद. आम्ही पाच बाया सकाळी दहाला तिच्या पायरीवर जाऊन बसलो. एक म्हणे आता येईल, दुसरी म्हणे बसमध्ये असंल. साडेअकरा वाजले. तिकडे कांदे चिरायचे पडलेले, डाळ निवडायची पडलेली. सगळं काम ठप्प, आणि आम्ही कुलपाकडे बघत बसलेलो. मीसुद्धा. शेवटी मला माझाच राग आला.

"त्या पातेल्यावाचून खिचडी शिजत न्हाई का? माझं एक हाय, सोजराबाईचं एक हाय. दोन चुलींवर करू. उठा."

उठल्या. एवढं सोपं होतं, पण दीड तास पाच डोक्यांत आलं नाही.

संध्याकाळी भाग्यश्री लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसली होती. चाकणहून तिने एक फाईल मागवली. वही गोठली तेव्हा कुठल्या ओळीवर थांबली होती ते त्यात दिसतं. म्हणाली, "आजी, ती बिघडत नाही. ती कुणाची तरी वाट बघत बसते."

"कुणाची?"

"कॉपी केलेल्या मजकुराची."

कॉपी-पेस्ट मला येतं. फोनवर बोट दाबून धरायचं. जयभीमचे मेसेज मी तसेच पाठवते. विचारलं, "कॉपी केलं की ते जातं कुठं? कुठंतरी ठेवत असतील की."

तर म्हणे, "तीच तर गंमत आहे. चाकणच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे. तिथे कॉपी केलेलं कुठेच ठेवलं जात नाही. ज्या प्रोग्राममधून कॉपी केलं तो फक्त जाहीर करतो, माझ्याकडे आहे. मजकूर त्याच्याच घरात. ज्याला पेस्ट करायचं त्याने त्याच्या दारात जाऊन मागायचं. मग तो देतो."

"म्हणजे विहाराचं पातेलं."

"काय?"

तिला आज सकाळचं सगळं सांगितलं. पायरी, कुलूप, पाच बाया. ती आधी हसली, मग माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "बघतीस काय? शेवटी कुणाकडं हुतं ते बघ. आन त्याच्या दाराला कुलूप हाय का बघ."

"पण आजी, अडकली तेव्हा कुणी पेस्ट करतच नव्हतं. नुसती वही उघडली तरी अडकते."

"मग ती तुझी वही उघडल्या उघडल्या त्याच्या दारात कशाला जाती?"

ती परत लॅपटॉपकडे वळली. पण जेवली. तीन भाकरी.

२६ जानेवारी, रविवार

दोन पातेल्यांतली खिचडी. एक जरा खाली लागली, ती सोजराबाईची. लेकरांनी संविधानाची उद्देशिका वाचली, छान वाचली. बारा वाजता शालनबाई उगवली, नवी साडी.

"कस्तुराबाई, माझ्यासाठी थांबला न्हाईत?"

"दीड तास थांबलो. तुझ्या कुलपाला जयभीम घातला."

"फोन करायचा की."

"फोन तुझा बंद."

"चार्जिंग संपलं व्हतं, त्यात माझा काय गुन्हा?" असं म्हणून माझ्याच पातेल्यातली खिचडी घेऊन बसली.

भाग्यश्री विहारात आली नाही. घरी गेले तर दारात उभी, केस विस्कटलेले. "सापडलं. चूक माझीच आहे." वही उघडली की पेस्टचं बटण ठळक दाखवायचं की फिकट, हे ठरवायला वही दर वेळी कॉपी केलेलं ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात जाऊन विचारते, आहे का हो काही? कोणी सांगितलेलं नाही, कोणाला नको आहे, तरी विचारते. आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसते.

म्हटलं, "भोचक हाय तुझी वही."

"हो. आणि मीच तिला तसं शिकवलं."

पण एवढ्याने भागत नाही म्हणे. दारात गेलं म्हणून काय झालं, घरात माणूस असला तर क्षणात उत्तर देतो. चाकणला उत्तर न देणारा कोण बसलाय ते कळायला हवं. नाहीतर मॅडम म्हणणार, हा तुझा अंदाज आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

भाग्यश्री पहाटेच्या बसने चाकणला गेली. संध्याकाळी उतरलेलं तोंड घेऊन आली. दिवसभर मशीनशेजारी स्टूल टाकून बसली आणि वही एकदाही अडकली नाही. माणसांना विचारलं, तुम्ही काय करता? सगळे म्हणाले, "काही नाही मॅडम, आम्ही काहीच करत नाही." तिथले जुने ऑपरेटर सोपानराव, वहीच्याच कॉम्प्युटरवर माप घ्यायचा प्रोग्राम आहे तो तेच सांभाळतात. ते तर चहालासुद्धा उठले नाहीत, जागेवरच मागवला.

"आन रोज?"

"रोज म्हणे चहाला पत्र्याच्या शेडमध्ये जातात, पाळीपाळीने. आज मी होते म्हणून..." आणि थांबली. "आजी, पेट्या."

"पेट्याच. तू गेलीस की पेट्या बाजूला ओढल्या. आता त्या सोपानरावला कारखान्यात विचारू नकोस, जन्मात सांगणार न्हाई. हापिसातली पोरगी वही घेऊन बसली की माणसाला मेमो दिसतो. घरी जा. आन काय बिघडतं ते विचारू नको. काम कसं करता ते विचार. कामाबद्दल विचारलं की माणूस थांबत न्हाई."

"मी एकटी कशी जाऊ त्यांच्या घरी?"

सोपानराव राहायला चिखलीतच आहेत. गुरुवारी इकडचे कारखाने बंद, हिचंही ऑफिस बंद. म्हटलं, येते मी.

३० जानेवारी, गुरुवार

दोन बस बदलून चिखली. गुडघे बोलायला लागले. सोपानराव छप्पन-सत्तावन्नचा, गोल चेहऱ्याचा, बनियनवर शर्ट चढवत बाहेर आला. भाग्यश्रीला बघून चेहरा असा केला, जणू पोलीस आले. त्याची बायको दुर्गाबाई चहा ठेवायला गेली. मी शेंगदाण्याचे लाडू नेले होते, ते पुढे केले.

म्हटलं, "मी भोसरीला कानस मारायची. बावीस वर्ष. ह्या बोटाला बघा अजून घट्टा हाय."

त्याने बोट हातात घेऊन बघितलं. "मावशी, चपटी कानस का अर्धगोल?"

"दोन्ही. पर अर्धगोल मला आवडायची."

मग काय, सुटला. त्याचं मशीन, मापाची सुई, एक केस इकडे तिकडे झाला तरी नग नापास. मी नुसती व्हय व्हय करत होते. भाग्यश्री गप्प बसली होती, हे बरं केलं.

मी विचारलं, "आन चहाला जाता तवा त्या सुईचं काय करता? आमचं मशीन तर कुणीबी हलवायचं."

"तेच तर, मावशी! चहाच्या टायमाला शेजारनं फोर्कलिफ्ट जातो, पेट्या उचलायची गाडी. जमीन हादरती. सुई नुसतीच नाचती आन प्रोग्राम ती खोटी मापं लिहून ठेवतो. नापास नग माझ्या नावावर. प्रोग्राम बंद करावा तर परत चालू करताना शून्यावर आणायला वीस मिनिटं जातात. मग मी त्याला झोपवतो."

भाग्यश्री पुढे सरकली.

"झोपवता म्हणजे?" तिने अगदी हळू विचारलं.

"प्रोग्राम ज्यातनं चालू करतो त्या काळ्या खिडकीत जायचं, कंट्रोल आन झेड दाबायचं. प्रोग्राम हाय तिथं गप. बंद न्हाई, नुसता झोपलेला. मागं एक इंजिनियर व्हता, त्यानं शिकवलं. चहावरनं आलो की एफ जी लिहायचं, उठतो. चार वर्षं करतोय, कधी दगा न्हाई."

"आणि झोपवायच्या आधी?"

"आधी शेवटचं माप कॉपी करून घेतो. आल्यावर नोंदीत चिकटवायला बरं पडतं."

भाग्यश्रीने माझ्याकडे बघितलं. मला सगळं कळलं असं नाही, पण एवढं कळलं: पातेलं त्याच्याकडे, तो झोपलेला, आणि ह्या पोरीची वही दारात बसलेली.

सोपानराव हुशार माणूस. त्यालाही कळलं. लाडू खाली ठेवला. "म्हणजे माझ्यामुळं अडकती व्हय ती?"

"तुमच्यामुळे नाही काका..."

"मॅडम, नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. हे रिपोर्टात लिहिणार का तुम्ही?"

दुर्गाबाई पदर हातात धरून दारात उभी. शेवटी भाग्यश्री म्हणाली, "काका, मला दोन दिवस द्या."

बाहेर पडल्यावर म्हणाली, आलोच आहोत तर तो फ्लॅट बघू. मला बोलायला सवडच दिली नाही. तिसरा मजला, लिफ्ट आहे, हवा येते. स्वयंपाकाचा ओटा उंच. तिथे उभी राहिले तर भाकरी थापायला माझा हात खांद्यापर्यंत वर. म्हटलं, कुणासाठी बांधलाय, उंटासाठी? भाग्यश्री हसली आणि परत विचारलं, "मग आजी, येशील?" खाली बस आली होती बहुतेक, हॉर्न वाजला. मी म्हटलं, चल, बस जाईल.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी भाग्यश्रीने मला समोर बसवून तमाशा दाखवला. लॅपटॉपवर एक प्रोग्राम उघडला, त्यातलं एक वाक्य कॉपी केलं, त्याला कंट्रोल-झेडने झोपवलं. मग जुनी वही उघडली. गोठली! ही पोरगी टाळ्या वाजवायला लागली. स्वतःची केलेली वस्तू मोडली म्हणून एवढं हसणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. मग झोपलेल्याला उठवलं, त्याच क्षणी वही चालू. परत झोपवलं, परत गोठली. पाच वेळा केलं.

मग नवी वही. ती उघडल्या उघडल्या कोणाच्या दारात जात नाही. बटण कायम ठळक, कोणाला विचारायला नको. तू स्वतः पेस्ट म्हणालीस तरच जाते. आणि गेली तरी दोन सेकंद थांबते. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर खाली एक ओळ लिहून येते, समोरचा प्रोग्राम उत्तर देत नाही, नंतर पुन्हा मागा. आणि आपलं लिहायला लागते.

"दोनच सेकंद?" मी विचारलं.

"माणसाला गोठल्यासारखं वाटायच्या आत. जास्त थांबलं की बाकी सगळी कामं अडतात."

"आन तो मागनं उठला तर?"

"तर पुन्हा मागायचं. त्याच्याकडचं काही हरवत नाही. फक्त आपण दारात बसून राहायचं नाही."

म्हटलं, "शालनबाईला हे शिकव. पाच बायांचा दीड तास खाल्ला तिने. माणसानं हो न्हाई काहीतरी सांगावं की. दुसऱ्याला लटकत ठेवायचं म्हणजे काय?"

भाग्यश्री लॅपटॉप मिटत म्हणाली, "शालनबाईंच्या दाराला निदान कुलूप तरी दिसतं, आजी."

मला काही बोध झाला नाही. डाळ वर आली होती, गॅस बारीक केला.

५ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट दिला. काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं. दोषाचं कारण: वही गरज नसताना विचारणा करते आणि उत्तराची अमर्याद वाट बघते. दुसरा कुठलाही प्रोग्राम कुठल्याही कारणाने झोपलेला असू शकतो, तरी वही अडकता कामा नये. दुरुस्ती केली. सोपानरावचं नाव कुठेच नाही.

मॅडमने वाचून विचारलं, "म्हणजे पूर्ण चूक तुझी?"

"हो मॅडम."

"तो झोपलेला प्रोग्राम कुणी झोपवला?"

"ते दुरुस्तीला लागत नाही."

मॅडमने रिपोर्ट बाजूला ठेवला.

मी तिच्यावर ओरडले. "पाच दिवस राहिलेत आन तू आपल्या हातानं लिहून देतीस, माझी चूक? त्याचं नाव न्हाई लिहायचं तर न्हाई. पर सगळं आपल्या अंगावर कशाला?"

म्हणाली, "माझ्या अंगावर घेतलं नाही. होतं तेच लिहिलं. काका झोपवतात ती चूक नाही, आजी. वहीने थांबून राहणं ही चूक."

बावीस वर्षांत मी एकदाच खरं सांगितलं होतं, की पेट्या आम्ही टेकवतो. पंधरा दिवस घरी बसवलं होतं. हे तिला सांगितलं नाही. सांगून काय होणार? रिपोर्ट गेलेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी वही परवापासून चाकणला चालू आहे. अडकली नाही. तीन पाळ्या झाल्या, चार झाल्या. भाग्यश्री फोन हातातून ठेवत नाही. घरमालकाचाही फोन आला, दुसरं गिऱ्हाईक आहे, सोमवारपर्यंत सांगा. ती माझ्याकडे बघत बोलत होती. मी गवारीच्या शिरा काढत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर हातात काही धरवेना. दोनदा मीठ घातलं आमटीत. सहा वाजता भाग्यश्री आली. चप्पल काढली, हात धुतले, मग पिशवीतून पाकीट काढलं. मला इंग्रजी येत नाही, पण चेहरा वाचता येतो.

"कायम."

"बस. चहा ठेवते."

चहा पिताना सगळं सांगितलं. मॅडमने गेल्या आठवड्यात चाकणच्या साहेबाला फोन केला होता, बघायला, की पोरगी काय लपवते आहे. आणि तिकडे सोपानराव स्वतःच साहेबापुढे जाऊन उभा राहिला होता. म्हणाला, प्रोग्राम मी झोपवतो, फोर्कलिफ्टमुळं झोपवतो, त्या पोरीला माहीत आहे आणि तिने लिहिलं नाही. साहेब जाऊन जमिनीवर हात ठेवून बसला म्हणे, फोर्कलिफ्ट जाईपर्यंत. आता फोर्कलिफ्टचा रस्ता सहा हात पलीकडून केला. चार वर्षं हे कोणाला सुचलं नाही. मेमो नाही, काही नाही.

मॅडमने भाग्यश्रीला विचारलं, का लपवलंस? ही म्हणाली, "ते उद्या झोपवायचे थांबतील, पण दुसरं कुणीतरी झोपवेल. वहीला ते चालायला हवं." मॅडमने पत्रावर सही करून दिली. कौतुक केलं नाही. मला आवडली ती बाई.

मग भाग्यश्रीने कप खाली ठेवला. "आजी, मी फ्लॅटला हो सांगितलं. एक मार्चपासून."

मी चहाची गाळणी धुवायला घेतली.

"तीन आठवडे थांबले मी. तू येणार का, हे मी आता परत विचारणार नाही. जागा दोघींची घेतली आहे. तुला सांगायचं तेव्हा सांग, काही हरवणार नाही."

म्हटलं, "चहात साखर कमी पडली का?"

"नाही. बरोबर आहे."

१२ फेब्रुवारी, बुधवार, माघ पौर्णिमा

विहारात खीर. मोठ्या पातेल्यात मी केली. शालनबाईने ते आधीच आणून दिलं, कुलूप-बिलूप काही नाही, उलट "घ्या, नाहीतर परत माझ्या नावानं ओरडाल." दूध खाली लागलं नाही. वंदना झाल्यावर पोरांनी तळ खरवडून खाल्ला. फळ्यावर माझं नाव लिहिलं, पातेलं कस्तुराबाईकडे.

दुपारी राख आणि चिंच लावून पातेलं घासलं. आत तोंड दिसेल असं. दारात उपडं घातलं. त्याच्याकडे बघत बराच वेळ बसले. ह्या घरात चौतीस वर्षं झाली. खिडकीतून समोरच्याची भिंत दिसते, दुसरं काही नाही. गुडघ्यांना पायऱ्या आहेत. नळाला एक दिवसाआड पाणी. असं सगळं मोजून झालं तरी उठवेना.

मग उठले. रिक्षा केली, पातेलं मागे आडवं घातलं, आणि शालनबाईच्या दारात गेले.

"अवं, आत्ता तर आणून दिलं," शालनबाई म्हणाली. "तुमच्याकडंच असू द्या की. पुढच्या पौर्णिमेला लागंल."

"तुझ्याकडं ठेव."

"का? तुमी कुठं चाललात?"

"कुठं न्हाई. जड हाय."

"रिक्षानं आणलंत आन जड?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग एका बाजूने कडी धरली. दोघींनी आत ठेवलं. येताना विहारात जाऊन फळ्यावरचं माझं नाव पुसलं, तिचं लिहिलं. खडूने लिहायला अजून येतं मला. उद्या कोणाला लागलं तर माझ्या दारात येऊन बसायला नको.

भाग्यश्री आली तर कोपरा रिकामा. "आजी, पातेलं कुठंय?"

"दिलं."

तिने हातपाय धुतले. मी ताट वाढलं. भाकरी, मेथी, खिरीची वाटी. ती पहिला घास घेईपर्यंत थांबले आणि म्हटलं,

"त्या ओट्यापाशी उभं राहायला पाट लागंल मला. चांगला रुंद बघ. हलणारा नको."